कॉम्प्युटरसाठी हेडफोन घेताय? पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही

मी घरून ऑडिओ एडिटिंग करते हे कळलं की ओळखीपाळखीचे लोक हमखास विचारतात, "लॅपटॉपचा आवाज बेकार येतो गं, साउंड कार्ड कोणतं घेऊ?" बहुतेकदा उत्तर असतं, कुठलंच नको. आजकालच्या लॅपटॉपमधली आवाजाची चिप बऱ्यापैकी चांगली असते. आवाज बिघडतो तो पाचशे रुपयांच्या हेडफोनमुळे, चुकीच्या सेटिंगमुळे, नाहीतर घरातल्या अर्थिंगमुळे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोष शोधा, मग कानाला लावायच्या वस्तूवर पैसे घाला, आणि त्यानंतरही काही कमी वाटलं तरच मधल्या डब्याकडे, म्हणजे साउंड कार्ड किंवा आवाजाला जोर देणाऱ्या अॅम्पकडे, वळा. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय, आणि मुंबईतल्या घरात बसून. इथली दमट हवा, शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली भिंत आणि खालून जाणारी रिक्षा यांचा हेडफोनच्या निवडीशी थेट संबंध आहे.

१. आधी दोष कुठे आहे ते शोधा

यासाठी एक रुपयाही लागत नाही. तुमचा सध्याचा हेडफोन मोबाइलला लावून तेच गाणं ऐका. तिथेही आवाज तसाच फुटका असेल तर दोष हेडफोनचा. मोबाइलवर छान आणि लॅपटॉपवर खराब असेल तर लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाचा तरी हेडफोन लावून बघा.

मागून "घूंऽऽ" असा आवाज येत असेल तर चार्जर काढा आणि नुसत्या बॅटरीवर ऐका. घूं गायब झाली तर गुन्हेगार वीजपुरवठा. जुन्या चाळींमध्ये आणि जुन्या इमारतींमध्ये थ्री-पिन सॉकेट दिसतं, पण त्याच्या मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, हा खरा इलाज. प्लगची मोठी पिन काढून टाकली की घूं जाते असं कुणी सांगेल. ते अजिबात करू नका, शॉक लागण्यापासून वाचवणारी तीच एक पिन आहे.

डेस्कटॉप असेल तर आणखी एक चाचणी. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जाणारी बारीक वायर मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेत खरखर गोळा करते. माउस हलवला की कानात किरकिर होते ती हीच. हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. कित्येकांचं साउंड कार्ड इथेच वाचतं.

२. कशासाठी आणि कुठे बसून ऐकणार, ते ठरवा

हेडफोन मुख्यतः तीन तऱ्हेचे. बंद पाठीचे म्हणजे क्लोज्ड-बॅक, उघड्या पाठीचे म्हणजे ओपन-बॅक, आणि कानाच्या आत बसणारे इन-इअर.

ओपन-बॅकमध्ये आवाज मोकळा येतो, डोक्याभोवती पसरल्यासारखा, कानही कमी तापतात. सेनहायझर एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात असलेला हेडफोन याच जातीचा, आणि आजही लोक तो आवर्जून घेतात. पण ओपन-बॅकमधून आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. एका खोलीत आई मालिका बघतेय, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि खिडकी रस्त्यावर आहे, अशा घरात ओपन-बॅक घेऊन उपयोग नाही. इंटरनेटवरच्या शिफारशी डोळे झाकून मानू नका म्हणते ती यासाठी. त्या लिहिणाऱ्यांची घरं वेगळी असतात. रात्री सगळे झोपल्यावर ऐकणार असाल, तर मात्र खुशाल घ्या.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी क्लोज्ड-बॅकच घ्यावा, नाहीतर हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरतो. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंमध्ये याच कामासाठी वापरला जातो. ऑडिओ-टेक्निकाची एम मालिका, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हेही त्याच पंगतीतले. डीटी ७७० च्या बहुतेक आवृत्त्यांना मखमली कुशन येतात. मे महिन्यात रेक्झिनची कुशन दोन तास कानावर ठेवून बघा, म्हणजे मखमलीचं मोल कळेल.

चश्मा असेल तर हे लक्षात ठेवा: चश्म्याच्या काड्या कुशन उचलून धरतात, फट पडते आणि क्लोज्ड-बॅकचा खालचा सूर, म्हणजे बेस, त्या फटीतून निसटतो. चश्मा घालूनच हेडफोन लावून बघा.

बजेट दोन हजारांच्या आसपास असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वायरवाले इन-इअर घ्या. या किमतीतला मोठा हेडफोन बहुधा नुसता मोठा असतो. मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ, केझेड अशा चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत स्वस्तातल्या इन-इअरचा दर्जा खूपच वर नेलाय. सोबत तीन-चार मापांची रबरी टोकं येतात, ती सगळी घालून बघा. टोक सैल बसलं की बेस नाहीसा होतो आणि लोक विनाकारण इअरफोनला नावं ठेवतात. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी त्यात काही वावगं नाही.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल थोडक्यात: पंखा, एसी, लोकलच्या डब्यातली घरघर असा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज ते चांगलं कापतं. हॉर्न, शेजारच्यांचं भांडण आणि भाजीवाल्याची हाळी त्यातून आरपार येतात. तेवढी अपेक्षा ठेवून घ्या.

३. वायर की ब्लूटूथ

कॉम्प्युटरसमोर बसून काम करणार असाल तर वायर. याची कारणं दोन.

पहिलं ऑफिसच्या मीटिंगचं. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी उत्तम वाजतात, पण मीटिंग सुरू झाली आणि त्याचाच माइक चालू झाला की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ब्लूटूथच्या प्रचलित पद्धतीत ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी करायचं तर जोडणी हँड्स-फ्री प्रकारात जाते, स्टिरिओ बंद होतो आणि आवाजाचा पट्टा आक्रसतो. एलई ऑडिओ हे नवं तंत्र यावर उपाय आहे, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही त्याचे लागतात. तोवर एक युक्ती: मीटिंगच्या अॅपमध्ये जाऊन माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा आणि ब्लूटूथ हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवा. आवाज तत्काळ सुधारतो.

दुसरं कारण उशिराचं. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या काही दशांशाने मागे पडतो. सिनेमा बघताना प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवतो, त्यामुळे जाणवत नाही. गेम खेळताना किंवा स्वतःचं गाणं रेकॉर्ड करताना मात्र जीव नकोसा होतो. वायर अगदीच नको असेल तर यूएसबी डोंगलवर चालणारा २.४ गिगाहर्ट्झवाला हेडसेट बघा, त्यात हा उशीर पुष्कळ कमी असतो.

वायर घेताना पिन बघा. लॅपटॉपचा एकच जॅक ऐकण्या-बोलण्याचा दोन्हीचा असतो, त्याला तीन काळ्या रेघांची पिन लागते. डेस्कटॉपच्या हेडसेटला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना असतात. एकाचं दुसऱ्याला जोडायला स्प्लिटर मिळतो, पण तो दोन जातींचा: दोन पिना एका जॅकमध्ये घालणारा आणि एक पिन दोन जॅकमध्ये घालणारा. दुकानात नुसतं "स्प्लिटर द्या" म्हटलंत तर दोघांना एकच गाणं ऐकवणारा तिसराच हातात पडेल. लॅपटॉप आणि हेडसेट दोन्ही काउंटरवर ठेवून दाखवा.

४. खोक्यावरचे आकडे

फसवे आकडे आधी निकालात काढू. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं, कारण माणसाचा कान साधारण तेवढंच ऐकतो. त्या पट्ट्यात कुठे आवाज फुगलाय आणि कुठे दबलाय हे त्यावरून कळत नाही. "५० मिलिमीटर ड्रायव्हर" म्हणजे चांगला ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा भाग) असं नव्हे. "७.१ सराउंड" गेमिंग हेडसेटमध्येही बहुधा प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो, बाकीची करामत सॉफ्टवेअरची. आणि "हाय-रेस" असं सोनेरी स्टिकर बघून हुरळू नका. सीडीचा ठरलेला दर्जा १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ आहे, आणि तेवढ्यात माणसाला ऐकू येणारा सगळा पट्टा मावतो.

खरे कामाचे आकडे दोन: ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठ्याने वाजतो ते. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन सहसा मोबाइल-लॅपटॉपवर सुखाने चालतात. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जास्त लागतं. सातव्या मजल्यावर पाणी चढवायला सोसायटीचा पंप लागतो ना, तसं. लॅपटॉपवर ते वाजतील, पण व्हॉल्यूम शेवटाला नेऊनही पुरेसा वाटणार नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या ओहमच्या आवृत्त्याही येतात: डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. ऑर्डर करताना आकडा वाचा. स्वस्त पडतोय म्हणून २५० चा घेतला की पुढे अॅम्पचा खर्च आलाच.

पण ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा, असंही नाही. प्लॅनर जातीच्या, म्हणजे आत पातळ सपाट पडदा असलेल्या, कित्येक हेडफोनचे ओहम कमी असतात, तरी त्यांना करंट भरपूर लागतो. म्हणून सेन्सिटिव्हिटी बघायची. त्यातही मेख अशी की काही कंपन्या ती एका मिलिवॅटला किती डेसिबल अशी देतात आणि काही एका व्होल्टला किती अशी. या दोन आकड्यांची सरळ तुलना होत नाही.

५. डॅक आणि अॅम्प खरंच लागतो का?

डॅक आकड्यांतला आवाज विजेच्या लहरींत बदलतो आणि अॅम्प त्याला जोर देतो. लॅपटॉपमध्ये दोन्ही असतंच. वेगळं घ्यायची वेळ तीन वेळा येते: बॅटरीवर, नुसता हेडफोन लावूनही खरखर येते, जास्त ओहमच्या किंवा प्लॅनर हेडफोनला व्हॉल्यूम पुरत नाही, किंवा लॅपटॉपला जॅकच नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीला छोटा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे हेडफोनचा जॅक असलेला अडॅप्टर, पुरतो. अॅपलचा साधा डोंगल विंडोजवरही चालतो, दिसायला किरकोळ आहे आणि मोजमापात महागड्या डब्यांच्या जवळ जातो. काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो, एवढं ध्यानात ठेवा. दुसऱ्या अडचणीला जास्त ताकदीचा डोंगल किंवा टेबलावरचा अॅम्प घ्या, फिओसारख्या कंपन्यांचे मिळतात. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचा जॅक जास्त ओहमचे हेडफोन स्वतःच सांभाळतो. त्यांना हाही खर्च नको.

सोन्याचा मुलामा दिलेल्या हजारो रुपयांच्या वायरी, यूएसबी "शुद्ध" करणारे डबे: पुढे चला.

६. माइक लागणार असेल तर

मराठी पॉडकास्ट, ऑडिओबुक, शिकवण्या यांमुळे घरोघरी माइक आलेत. मुंबईच्या घरात मी डायनॅमिक माइक सुचवेन. कंडेन्सर माइक नाजूक आणि तपशीलवार ऐकतो, म्हणजे पंखा, कावळे आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंगसुद्धा. डायनॅमिक माइक तोंडाशी चार बोटांवर धरला की तुमचा आवाज पुढे येतो आणि बाकीचं मागे राहतं. श्युअरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा, सभा-संमेलनांत तुम्ही हजारदा पाहिलेला माइक या कामाला चालतो.

अशा माइकला एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची, वायर लागते आणि मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारा डबा, लागतो, उदाहरणार्थ फोकसराइट स्कार्लेट सोलो. इंटरफेसवर "४८ व्होल्ट" असं बटण असतं, ते कंडेन्सर माइकसाठी. इंटरफेसला हेडफोनचा जॅक असतोच, म्हणजे वेगळ्या डॅकचा विचार सोडून द्या. एवढं सगळं नको असेल तर थेट यूएसबी माइक घ्या. फक्त मीटिंगच करायच्या असतील तर वायरवाला हेडसेट पुरे.

७. बाजारात जाताना

मुंबईत अजूनही लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते कुणी विचारत नाही. स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, चालत थोड्याच वेळात पोचाल. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. डोंगल, स्प्लिटर, एक्सएलआर वायर, जॅक बदलून घेणं, यासाठी हीच जागा. भारी हेडफोन ऐकून घ्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा की डेमो पीस उघडा ठेवलाय का. सील पॅक खोकं कुणी तुमच्यासाठी फोडणार नाही.

सोबत न्यायच्या वस्तू:
- स्वतःचा लॅपटॉप किंवा मोबाइल, चार्ज करून
- ओळखीची चार-पाच रेकॉर्डिंग, डाउनलोड केलेली, कारण दुकानात नेटवर्कचा भरवसा नाही
- सध्याचा हेडफोन, तुलनेसाठी
- जॅक नसलेल्या फोनसाठी डोंगल
- चश्मा असेल तर चश्मा

कोणती रेकॉर्डिंग? दुकानदार धडाम-धूम वाजवणारा डेमो ट्रॅक लावेल. तो नम्रपणे बंद करायला सांगा. मी तबल्याचं वादन लावते. डग्ग्याची मींड सलग घसरत खाली जायला हवी, नुसतं "धप्प" ऐकू आलं तर बेस फुगवलेला आहे. मग तंबोरा. त्यातली जवारी, तारांवरची ती बारीक झणझण, वेगळी कळली पाहिजे. भजनातले टाळ कानाला टोचू लागले तर वरचे सूर चढवलेत, अर्ध्या तासात डोकं धरेल. शेवटी एखाद्या बाईंचं निवेदन आणि एखाद्या पुरुषाचं. "स", "श", "च" यांवर सुस्कारा येतो का बघा. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून हेडफोनची परीक्षा करू नका. त्या एकाच चॅनेलच्या, अरुंद पट्ट्याच्या आहेत, आणि कुठलाही हेडफोन त्यात नसलेलं काही काढून दाखवणार नाही.

दोन हेडफोनची तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवा. जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. प्रत्येक हेडफोन निदान दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. आवाज आवडूनही तो कानशिलं आवळत असेल तर सोडा.

८. बिल, खोकं, वॉरंटी

"बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य ऐकू येईलच. पक्कं बिलच घ्या. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो, आणि हेडफोनचा सिरियल नंबरही लिहून घ्या. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे दुकानात चालू झालं की संपली. कंपनीची वॉरंटी भारतात कोण देणार, हे नाव घेऊन विचारा.

आयात मालाच्या खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं. ते स्टिकर नसेल तर माल आडमार्गाने आलाय, वॉरंटीची आशा सोडा. वायरलेस हेडफोनवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर या अॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. रस्त्यावर "फर्स्ट कॉपी" म्हणून मिळणाऱ्या नामांकित इअरबड्सची परीक्षा इथेच होते. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

९. घरी आणल्यावर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन तुमचं डिव्हाइस उघडा आणि "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा. लॅपटॉप कंपनीने टाकलेलं आवाज "सुधारणारं" अॅपही बंद करा. फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा आणि विसरून जा.

मग इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, लिनक्सवर ईझीइफेक्ट्स. ऑटो-ईक्यू नावाच्या प्रकल्पात, इतरांनी केलेली असंख्य हेडफोनची मोजमापं वापरून, प्रत्येकासाठी तयार सेटिंग दिलेली आहेत. तुमचं मॉडेल शोधा, आकडे भरा. एक सूर जरी वर चढवलात, तरी प्रीअॅम्प, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरमधली एकूण आवाजाची पातळी, तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल. मध्यम हेडफोन यातून इतका सुधारतो की डॅकचा विषय पुन्हा निघत नाही.

हेडफोनऐवजी स्पीकर हवे असतील तर छोट्या खोलीला दोन स्पीकरचा, सबवूफर नसलेला संच पुरतो. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा, स्पीकर कानाच्या उंचीला आणि भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. भिंतीतून पलीकडे जातो तो बेस, त्यामुळे रात्री तो उतरवा. शेजारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतात.

१०. आवाज किती, आणि पावसाळ्यात काय

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. दिवसभर हेडफोन लावून काम करणाऱ्याचे ४० तास शुक्रवारपर्यंत भरतात, मग लोकलच्या गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम चढवायला जागा उरत नाही. प्रवासासाठी घट्ट बसणारे इन-इअर किंवा नॉइज कॅन्सलिंग त्याकरताच.

रेक्झिनची कुशन इथल्या दमटपणात पापुद्रे सोडू लागतात, काळे कण गालाला चिकटतात. हेडफोन घेतानाच सुटी कुशन मिळतात का आणि वायर निघते का, हे विचारून ठेवा. जून ते सप्टेंबर हेडफोन हुकावर टांगण्याऐवजी झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आधी कुशनवरचा घाम पुसून. एका कानातला आवाज येईनासा झाला तर लगेच नवा घ्यायला धावू नका. जॅकमध्ये पिन घालून दोन-चारदा गोल फिरवा. खाऱ्या हवेने धातूवर थर धरतो, तो बऱ्याचदा एवढ्यानेच निघतो. नाही निघाला तर पिनवर कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारा, वाळू द्या आणि मग परत लावा. तरीही आवाज आला नाही तर वायर पिनपाशी तुटलेली असते, आणि लॅमिंग्टन रोडला नवी पिन बसवून मिळते.